दुसऱ्या दाराचा दाखला

"अग्निशमनचा दाखला कुठंय?" महापालिकेच्या खिडकीतल्या बाईंनी गठ्ठा चाळून विचारलं.

"तोच मागायला गेले होते, मॅडम," योगिनी म्हणाली. "ते म्हणाले, आधी इमारत वापराचा दाखला आणा."

"बरोबर आहे त्यांचं."

"आणि तुम्ही म्हणता, वापराचा दाखला हवा तर आधी अग्निशमनचा आणा."

"आमचंही बरोबर आहे." बाईंनी टाचणी होती तिथेच परत खोचली आणि गठ्ठा खिडकीबाहेर सरकवला. "दोघांचंही बरोबर आहे म्हणजे बघा, तुमचंच काहीतरी चुकत असणार. चला, पुढचे कोण?"

योगिनीने गठ्ठा स्कूटीच्या डिकीत कोंबला आणि किल्ली हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. ती कीर्तनात वाढलेली पोर. वडील तबल्याच्या साथीला जायचे, आणि ही तबल्याच्या रिकाम्या पिशवीवर डोकं ठेवून तिथेच झोपायची. कीर्तनात एक भरवसा असतो. बुवांनी पूर्वरंग कितीही लांबवला तरी कधीतरी कपाळाला बुक्का लागतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो आणि आख्यान सुरू होतंच. इथे नमनालाच घडाभर तेल जळून गेलं होतं आणि आख्यानाचा पत्ता नव्हता.

गोष्ट साधी होती. सातपूरच्या कामगार वसाहतीत मारुतीचं देऊळ आहे, देवळाला लागून सभामंडपाचा हॉल आहे. शाळा दुपारी सुटते आणि कारखान्यात गेलेल्या आया संध्याकाळी येतात. मधल्या वेळात वसाहतीतली पोरं कुठे जाणार? योगिनी त्यांना त्या हॉलमध्ये घेऊन बसायची. डबा, अभ्यास, थोडे श्लोक, पुष्कळ दंगा. तिचे सासरे रंगनाथअण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते पोरांना कागदाचे नट-बोल्ट करायला शिकवायचे आणि भांडणं सोडवायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवरात्राच्या आधी नोटीस आली. शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या वर्गांनी रीतसर परवानगी घ्यावी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत ती मिळाली नाही, तर हॉलमध्ये मुलं बसवायची नाहीत.

नियमाला तिची ना नव्हती. दुसऱ्याचं लेकरू आपल्या ओटीत घ्यायचं तर कुणीतरी विचारणारं हवंच. म्हणून तिने सगळं केलं. पाण्याची तपासणी केली, औषधांची पेटी आणली, धारदार वस्तू कुलपात ठेवाव्यात म्हटल्यावर कात्र्या पत्र्याच्या पेटीत घालून वर कुलूप लावलं. चारित्र्य पडताळणीसाठी अण्णांना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या हवालदाराने विचारलं, "आजोबा, तुमच्यावर गुन्हा वगैरे?" तर अण्णा म्हणाले, "एकदा संपात घोषणा दिल्या होत्या, त्याला काय म्हणता?" झालं. ते काय म्हणायचं हे ठरवायला हवालदाराने मोठ्या साहेबांना विचारलं, आणि मोठे साहेब बंदोबस्ताला गेलेले. पुढच्या खेपेला योगिनीने अण्णांना बजावलं, "अण्णा, आज फक्त हो आणि नाही एवढंच बोलायचं."

"आणि खरं काय ते?"

"ते घरी आल्यावर मला सांगा."

त्या दिवशी योगिनी खिडकीवरून परत आली तर चैताली देवळाच्या ओट्यावर वाट बघत बसली होती. चैताली माहेरची मालेगावची. नवरा राकेश ट्रक घेऊन हायवेवर असायचा, आणि ती स्वतः सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टला. तिची मुलगी दिशा दुसरीत.

"ताई, झालं का हो काम?"

"होईल गं."

"होईल तर तुम्ही कधीपासून म्हणताय." तिने पदराने तोंड पुसलं. "रागावू नका. पण मला सुपरवायझरला सांगावं लागतं. शाळा उघडली आणि वर्ग नसला, तर मी दिशाला कुठं ठेवू?"

दिशाला पूर्वी कुठे ठेवायचे ते दोघींना ठाऊक होतं. वर्गात यायच्या आधी चैताली पोरीला खोलीत बसवून बाहेरून कुलूप लावून जायची. एकदा शेजारच्या खोलीत वायर जळाली, चाळभर धूर झाला, आणि पोर खिडकीचे गज धरून ओरडत राहिली. लोकांनी कुलूप फोडलं तेव्हा तिचा आवाज बसला होता. तेव्हापासून दिशा कुठेही गेली की आधी दाराजवळ दप्तर ठेवायची. जेवायला गोल करून बसले तरी हिची थाळी उंबऱ्यापाशी.

"तुला परत कुलूप लावायला लागणार नाही," योगिनी म्हणाली. म्हणून गेली खरी, पण कशाच्या बळावर म्हणाली हे तिचं तिलाच कळेना.

अखेर, वापराचा दाखला नंतर बघू, आधी पाहणी करू म्हणत अग्निशमनकडून एक साहेब आले. निरभवणे त्यांचं आडनाव. शांत माणूस, हातात टेप, बगलेत फाइल. योगिनीला वाटलं, चला, मारुतीराया, लागला एकदाचा बुक्का.

साहेबांनी भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे बघितलं आणि ते थबकले.

"ह्याला हार का घातलाय?"

आग विझवायच्या त्या नळकांड्याला झेंडूचा सुकलेला हार होता, हळदकुंकवाची बोटं होती, आणि मानेभोवती लाल दोऱ्याचे वेढ्यावर वेढे.

"खंडेनवमीचा आहे, साहेब," अण्णा अभिमानाने म्हणाले. "जन्मभर मशीनची पूजा केल्याशिवाय दसऱ्याला हात लावला नाही. हे तर पोरांची राखण करणारं. ह्याला कोरडं ठेवायचं?"

"पिन ओढून दाखवा."

योगिनीने ओढली. पिन हलेना. अण्णांनी पूजेच्या भरात दोरा पिनेतूनच ओवून घेतला होता आणि वर कारखान्यातली, कधी म्हणजे कधी न सुटणारी गाठ मारली होती.

"कात्री आणा," साहेब म्हणाले.

कात्री पेटीत. पेटीला नियमाप्रमाणे कुलूप. आणि किल्ली? ती नियम पाळायच्या नादात इतकी जपून ठेवली होती, की आता कुणालाच सापडेना.

"उद्या इथे आग लागली तर काय करणार?" साहेबांनी विचारलं.

"आग लागली तर दोरा जळेलच ना, साहेब," अण्णा म्हणाले.

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. योगिनीला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढे हेलपाटे, एवढ्या खिडक्या, आणि घात केला तो घरच्याच भक्तीने! अण्णांवर ओरडावं तर त्यांचा चेहरा आधीच पडलेला.

"दोरा तोडा, ते काही मोठं नाही," साहेब नकाशा उघडत म्हणाले. "हे मोठं आहे. नकाशात उत्तरेला दुसरं दार दिसतंय. ते कुठंय?"

सगळ्यांनी उत्तरेच्या भिंतीकडे बघितलं. तिथे दोन लोखंडी कपाटं होती, महाप्रसादाच्या भांड्यांनी गच्च भरलेली. एकावर रंगवलेलं होतं, 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ, कोंडाजी यांजकडून'. कपाटांपुढे लाकडी चौथरा, आणि चौथऱ्यावर जाजम. तिथे उभं राहून बुवा कीर्तन करायचे. ती नारदाची गादी.

देवळाचे अध्यक्ष कोंडाजीतात्या तोवर धोतराचा सोगा सावरत आलेच होते.

"दार हाय, साहेब. कपाटामागं हाय. पण उघडत नाय आमी."

"का?"

"देऊळ बांधलं तवा पहिलंच कीर्तन. दार उघडं होतं. ऐन आख्यानात वारं आलं नि समई इझली. बुवांचा आवाज बसला, कीर्तन अर्ध्यात राहिलं. तवापासून दार बंद, नि गादी दारापुढं. नारदाची गादी हाय ती, हलवायची नाय."

"नारदमुनींना माझा नमस्कार सांगा," साहेब सौम्यपणे म्हणाले. "पण पोरांना बाहेर पडायला दुसरं दार लागतं, तात्या. एका दारात धूर भरला तर दुसऱ्यातून पळता आलं पाहिजे. दार उघडा, मग कळवा. मी परत येतो."

साहेब गेले. योगिनी जाजमाच्या कडेला बसून राहिली. तात्या तिच्याजवळ आले, आवाज खाली आणला.

"पोरी, तू लय सरळ हायस म्हणून तुला त्रास. अर्जात काय लिवलंस? शाळेनंतरचा वर्ग. बालकीर्तन वर्ग असं लिव. देवाच्या नावाला कुनी परवाना मागितलाय का आजवर?"

हेच तर तिला सगळ्यात जास्त झोंबत होतं. एकादशीला ह्याच हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ह्याच एका दारातून अख्खी वसाहत आत-बाहेर करते, समया जळत असतात, पोरं पुढे मांडी घालून बसलेली असतात, आणि कुणी टेप घेऊन येत नाही. तीच पोरं दुपारी शुद्धलेखन लिहायला बसली की दाखला, पडताळणी, नकाशा, संमतीपत्र! तात्यांचं म्हणणं तिला पटलं. रागाच्या भरात तिने त्याच संध्याकाळी नवा अर्ज लिहायला घेतला. 'बालकीर्तन वर्ग' असं वरती लिहिलं, खाली रेघ ओढली.

आणि हात थांबला. आयुष्यात जे काही चांगलं कानावर पडलं ते कीर्तनातून पडलं. त्याच कीर्तनाला आता खोटं बोलायला पुढे करायचं? ते एक. आणि दुसरं त्याहून वाईट. तिच्या डोळ्यांपुढे गज धरून उभी असलेली दिशा आली. निरभवणे साहेब खिडकीतल्या बाईंसारखं बोलत नव्हते, ते खरं बोलत होते. इतक्या कागदांत हा एक नियम असा होता की तो तिला स्वतःलाच सुचायला हवा होता. पोरांना कोंडणारं दार तसंच ठेवून नुसती पाटी बदलायची, असा त्या अर्जाचा अर्थ होता. तिने तो फाडला. फाडून हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. उलट आणखीच चिडायला झालं. खोटं बोलून सुटायची वाटही बंद झाली आणि खऱ्या वाटेवर कपाट उभं!

"तात्या, दिवाळीची झाडलोट आहे, त्यात कपाट सरकवू," तिने म्हणून बघितलं.

"आईचं नाव हाय त्याच्यावर."

"नावासकट सरकवू."

"नि गादी?"

गादीपाशी सगळं अडायचं. दिवाळी आली, फराळ झाला, तुळशीच्या लग्नाचे ऊस बाजारात दिसायला लागले, आणि शाळा उघडायचा दिवस जवळ आला.

कार्तिकी एकादशीच्या कीर्तनाला बुवा आले. सालाबादप्रमाणे उतरले कोंडाजीतात्यांकडे. पानात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. योगिनी तिथेच जाऊन उभी राहिली. बुवा तिच्या वडिलांचे स्नेही. त्यांनी तिला तबल्याच्या पिशवीवर घोरताना बघितलेलं.

"ये गं. तोंड असं का? कोजागरीचं दूध नासल्यासारखं?"

"बुवा, एक विचारायचंय. नारदाची गादी हलवली तर पाप लागतं का?"

तात्यांचा घास हातातच राहिला. बुवांनी आमटीचा भुरका मारला, शांतपणे वाटी खाली ठेवली.

"कुठली गादी?"

योगिनीने सगळं सांगितलं. दार, समई, नळकांडं, खिडकीतल्या बाई, दिशा. सांगता सांगता तिचा आवाज चढला. "मी थकले, बुवा. एक कागद मिळाला की दुसरा मागतात, दुसरा मिळाला की पहिल्याची मुदत संपते. आणि आता बाहेरच्यांचं सगळं झालं, तर आपल्याच देवळात अडलंय. शाळा उघडायला आली. ती पोर परत कुलपात जाईल."

बुवा तात्यांकडे वळले. "कोंडाजी, नारदाला दक्षाने शाप काय दिला होता?"

"तुमीच सांगता की दर साली. एका जागी ठरनार नाय, तिन्ही लोकांत फिरत राहील."

"मग जो कधी एका जागी टेकला नाही, त्याची गादी तुम्ही दारापुढे रोवून ठेवलीत? आणि वर म्हणता हलवायची नाही? अरे, उलट तो तिथे कोंडून वैतागला असेल! दक्षिणेच्या भिंतीला मांडा की. मी दोन्हीकडे गातो. माझा गळा भिंत बघून लागत नाही."

तात्या बराच वेळ भगरीत बोट फिरवत राहिले. "नि समई इझली तर?"

"तुमच्या घरात काडेपेटी नाही का?"

तात्या उठले, हात धुतला, आणि एवढंच म्हणाले, "आईचं नाव दर्शनी बाजूला दिसलं पायजे. मागं तोंड करून कपाट ठिवलेलं चालनार नाय."

पहिल्या शिफ्टची मंडळी सुटून गणवेशातच देवळात आली. भांडी काढली, चौथरा आणि कपाटं दक्षिणेच्या भिंतीला ओढली. पहिला खांदा तात्यांनीच लावला आणि मग सगळ्यांवर ओरडत राहिले, "हळू रे, आईला धक्का लागंल!" मागे दार होतं. कडी गंजून खुंटीसारखी झालेली. अण्णांनी तिला तेल पाजलं, हातोडीने हळूहळू ठोकलं, आणि दार असं कण्हत उघडलं की देवळातली कबुतरं उडाली.

संध्याकाळी कीर्तन रंगलं. बुवा दक्षिणेला उभे, उत्तरेचं दार सताड उघडं. आख्यानात वारा आला आणि समई विझली. सगळ्या हॉलने श्वास आत घेतला. बायकांनी एकमेकींचे हात धरले. तात्यांनी डोळे मिटले.

बुवांनी झांज थांबवली. "काय झालं? तेल आहे, वात आहे, काडी आहे. लावा परत." आणि समई लागेपर्यंत त्यांनी तेच चरण दुसऱ्या चालीत घोळवलं. योगिनीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, झालं. आता आख्यान पुढे सरकलं.

निरभवणे साहेब दोन दिवसांनी आले. नळकांड्याची पिन ओढली, ती निघाली. दार उघडलं, ते उघडलं. त्यांनी बाहेर पाय टाकायला घेतला आणि तसाच मागे घेतला.

"बाई, इथे पायरी कुठंय?"

दाराबाहेर जमीन खोल होती. पोर धावत बाहेर पडली असती तर थेट तोंडावर आपटली असती. वर्षानुवर्षं जे दारच नव्हतं, त्याला पायरी कोण बांधणार?

"पायरी लागेल," साहेब म्हणाले. योगिनीच्या तोंडाकडे बघून घाईने पुढे म्हणाले, "शनिवारी सुट्टी असते मला. पण घरी जाता जाता बघून जाईन."

शनिवारी पायरी तयार होती. विटा कुठल्या, सिमेंट कुणाचं, कुणी विचारलं नाही. साहेबांनी टेप लावला, वर उभं राहून दोनदा पाय आपटला, मग उंबऱ्यात बसूनच शेरा लिहिला आणि सही केली. योगिनीने कागद घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"हा तुम्हाला नाही द्यायचा. ह्याच्यावर आमच्या मोठ्या साहेबांची सही लागते. ती झाली की वापराचा दाखला, मग परवानगी."

"मोठे साहेब कधी भेटतील?"

"ते प्रशिक्षणाला गेलेत." साहेबांनी मान खाली घातली. "पुढच्या आठवड्यात येतील बहुतेक."

"शाळा सोमवारी उघडतेय."

"माहीत आहे, बाई."

"तुम्ही म्हणालात ते सगळं केलं. नारदाला हलवलं! आणि आता एक माणूस जागेवर नाही म्हणून..." साहेबांवर ओरडण्यात अर्थ नव्हता आणि ज्यांच्यावर ओरडावं ते समोर नव्हते. ती नव्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. साहेबांनी टेप गुंडाळला आणि ते निघून गेले.

सोमवारी दुपारी चैताली आली. जेवणाच्या सुट्टीत धावत आली होती. एका हातात दिशाचा हात, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, आणि त्यावर पितळी कुलूप. हॉलचं दर्शनी दार बंद बघून तिने मान हलवली. तिला जणू ठाऊकच होतं.

"ताई, येते मग. खोलीवर सोडते हिला."

"थांब," योगिनी म्हणाली. "मागे ये."

देवळाच्या मागे, उत्तरेच्या दाराबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. पोरं डबे उघडून बसली होती. नव्या पायरीवर अण्णा बसले होते. योगिनीने सगळ्यांसमोरच निरभवणे साहेबांना फोन लावला. जे करायचं ते उघड, हे तिने ठरवलं होतं.

"साहेब, योगिनी बोलतेय. नोटिशीत लिहिलंय, हॉलमध्ये मुलं बसवायची नाहीत. मी बसवली नाहीयेत. बाहेर बसवलीत, झाडाखाली. प्रत्येकाच्या आईचा होकार घेतलाय. हे चालत नसेल तर तसं लेखी द्या. मी ते घेऊन तुमच्या मोठ्या साहेबांच्या दारात बसेन, पोरांसकट."

"ऊन लागतंय का पोरांना?" साहेबांनी विचारलं.

"सावली आहे."

"नळकांडं?"

"बाहेर आणलंय. शेजारीच आहे."

"हार?"

तिने अण्णांकडे बघितलं. "फक्त कुंकवाचं एक बोट. पिनेपासून लांब."

"ठीक आहे. मी आज साहेबांना प्रशिक्षणाच्या ठिकाणी फोन करतो. सही कधी होईल ते मात्र सांगत नाही, बाई. सांगितलं तर खोटं होईल."

फोन ठेवला. चैतालीचा कारखाना गाठायचा वेळ झाला होता, तरी ती पिशवी धरून उभीच होती. अण्णांनी हात पुढे केला. "ते कुलूप दे बरं इकडे. किल्ली सापडेना म्हणून कात्रीच्या पेटीचं कुलूप फोडावं लागलं. ह्याची किल्ली आहे ना?"

चैतालीने कुलूप दिलं, किल्ली दिली, आणि मागे न बघता झपझप निघाली.

दिशाने सतरंजीवर जागा शोधायला सुरुवात केली. चारी बाजूंनी बघितलं. दार कुठंच नव्हतं, म्हणजे सगळीकडेच होतं. तिला दप्तर कुठे ठेवावं ते कळेना. शेवटी तिने ते मधोमध ठेवलं आणि डबा उघडला.

योगिनीने फोन पायरीवर समोर ठेवला, आवाज मोठा केला, आणि पोरांना पाढे म्हणायला लावले. अण्णा टाळी धरत होते. तिचं लक्ष पाढ्यांत कमी आणि फोनकडे जास्त होतं. संध्याकाळपर्यंत तो वाजला एकदाच. ती दचकून उचलायला गेली, तर तात्यांचा होता. दक्षिणेच्या भिंतीला उजेड कमी पडतो, आईचं नाव नीट दिसत नाय, तिथं एक बल्ब लावला तर त्याला परवानगी लागंल का, असं ते विचारत होते.